मेंढवाड्यातलं गिधाड

अलेक्सोच्या नवऱ्याचा पत्ता गिधाडांनी लावला, हे मेसोराखी गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिच्या देखत ते कुणी बोलत नसे.

झिसिस त्याचं नाव. त्या वर्षी संत दिमित्रिसचा सण तोंडावर आला होता, म्हणजे मेंढरं डोंगरावरून खाली उतरवायची वेळ झाली होती. नेमक्या तेव्हाच त्याच्या काही शेळ्या विकोसच्या दरीत कड्याच्या एका पट्टीवर जाऊन अडकल्या. यात नवल काही नव्हतं. शेळी हिरवं बघत बघत उतरते आणि मग वर यायची वाट विसरते. "घेऊन येतो त्यांना. चुलीवर पेज ठेव, आल्यावर गरम गरम पिईन," असं सांगून तो गेला. दिवस कलता कलता शेळ्या आपापल्या परत आल्या. झिसिस आला नाही.

शोधायला गाव बाहेर पडलं, यान्निना शहराहून दोरखंडवाली माणसं आली. पण दरीत धुकं असं भरलं होतं की कड्यावर उभं राहिलेल्याला आपल्या पायाखालचा दगड दिसेना. झिसिसचा धाकटा भाऊ स्ताथिस कड्याकड्यानं हाका मारत फिरला. शेवटी त्याचा आवाज पार बसला आणि तोंडातून नुसती हवा यायला लागली, तरी तो हाका मारतच होता.

मग एका सकाळी धुकं उचललं. आमच्याकडे गिधाडं बघायला मान वर करावी लागत नाही. कड्यावर उभं राहायचं आणि खाली बघायचं. ती आपल्या पायाखाली तरंगत असतात, त्यांच्या तपकिरी पाठी दिसतात. आता फार उरली नाहीत. त्या सकाळी मात्र तिथं पाच-सहा होती, आणि ती एकाच जागेवर घिरट्या घालत होती. सगळ्यात आधी ते अलेक्सोनं पाहिलं. तिनं हात केला आणि म्हणाली, "तिथं." मग ती दगडावर बसली आणि सुटलेली बुटाची नाडी बांधायला लागली.

दोरावरून खाली स्ताथिस उतरला. वर आल्यावर त्यानं वहिनीकडे पाहिलं नाही. शवपेटी बंदच घरी आली, बंदच चर्चमध्ये गेली. खिळे त्यानंच ठोकले होते. अलेक्सोनं उघडा म्हटलं नाही, काही विचारलंही नाही.

आता या अलेक्सोची आजूबाजूच्या गावांत एक ओळख होती. मयताच्या घरी तिच्यासारखा गळा कुणी काढत नसे. तिनं मेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या मेंढ्या, त्याचं आंगण, त्याची अर्धवट राहिलेली भिंत असं सगळं सुरात आळवायला घेतलं, की दारात उभे असलेले बापेसुद्धा टोपी तोंडावर धरत. तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या मातीला लोक लांबून आले होते. बायका काळे रुमाल बांधून भोवती बसल्या आणि वाट बघत राहिल्या. अलेक्सो पेटीकडे बघत बसली होती. पेटीच्या कडेला लाकडाच्या गाठीचा एक डाग होता, ती त्या डागाकडे बघत होती.

क्लेओनिकीनं तिच्या दंडाला चिमटा काढला. ही गावातल्या कॉफीच्या दुकानाची मालकीण, अलेक्सोची लहानपणापासूनची मैत्रीण.

"रड गं बाई. रड, नाहीतर फुटशील."

"येत नाहीये."

"आणावं लागतं."

"कुठून आणू?"

क्लेओनिकीनं तिचा दंड सोडला. शेवटी तिनंच मोडक्यातोडक्या सुरात सुरुवात केली आणि बाकीच्या बायकांनी ते कसंबसं निभावून नेलं.

तो हिवाळा अलेक्सोनं काढला. काढला एवढंच म्हणायचं. मेंढ्यांना गवत घातलं, पाण्यावरचा बर्फ फोडला, कोकरं ओढून बाहेर काढली, चीज केलं. एकदा क्लेओनिकी आली तेव्हा घरात करपल्याचा वास सुटला होता आणि अलेक्सोचा तळवा चुलीच्या लोखंडावर टेकलेला होता. क्लेओनिकीनं किंचाळून तो ओढला. अलेक्सो म्हणाली, "अरे हो की." मुलगी फोतिनी यान्निनाहून दर रविवारी फोन करायची.

"आई, इकडे ये राहायला."

"बरं."

"मेंढ्या विकून टाक सगळ्या."

"बरं."

"खरंच विकशील?"

"बघते."

फोन ठेवून ती मेंढ्यांकडे जायची. विकायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, असंही नव्हे. ठरवायलाच काही शिल्लक नव्हतं.

झिसिस होता तेव्हा गोष्ट निराळी होती. त्याला दाखवायची भारी हौस. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, कळप घेऊन ते तिंफी डोंगराच्या वरच्या कुरणांवर गेले होते, तेव्हा त्यानं तिला हाताला धरून शिखराखालच्या त्या तळ्यापाशी नेलं. 'ड्रॅगनचं तळं' म्हणतात त्याला. त्यानं तिला काठावर पालथं झोपवलं आणि पाण्यात बोट दाखवलं. "बघ, तुझे ड्रॅगन." पालीएवढे पाणसरडे होते ते, वरून काळपट, आणि वळले की पोट असं नारिंगी की जणू आत निखारा ठेवलाय. "एवढेसे?" ती म्हणाली. "मग काय, सासूएवढे हवेत?" पुढची कितीतरी वर्षं असंच चाललं. उन्हाळी बर्फाच्या पट्ट्यावरून रानबकरीची पिल्लं घसरगुंडी खेळतात ती बघ. आंबट लाल फळांच्या, क्रानाच्या झुडपात अस्वल बसलंय, माणसासारखं फांदी वाकवून ओरबाडतंय, ते बघ. ती धारा काढत असायची. "बघितलं हो," म्हणायची, मान वर न करता.

आता डोंगर होता तिथंच होता. मार्चमध्ये कड्याच्या फटीफटीतून जांभळी फुलं आली. वसंतात व्होइदोमातिस नदी बर्फाचं पाणी पिऊन फुगली, निळीशार झाली. रानबकऱ्या उतरून गावाच्या वरच्या शेतापर्यंत आल्या. तिला हे सगळं दिसत होतं. दिसलं म्हणजे दिसलं, एवढंच.

संत जॉर्जच्या सणानंतर मेंढ्या वर न्यायच्या. अलेक्सो एकटीच निघाली, सोबत कानूता, करड्या केसांची थोराड कुत्री. गावाच्या वरच्या अंगाला, रस्ता संपतो तिथं तिचा दगडी मेंढवाडा आहे, तिथं आधी मुक्काम ठेवायचा आणि गवत वाढेल तसं वर सरकायचं. खालच्या शेजारच्या कुरणात स्ताथिसची जनावरं होती.

त्या वसंतात स्ताथिसवर एकामागून एक संकटं आली. आधी अस्वलानं त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या फोडल्या. मग लांडग्यांनी वासरू नेलं. क्लेओनिकीच्या दुकानात त्याची थट्टा सुरू झाली.

"स्ताथिस, अस्वल मध खाऊन गेलं, पण ब्रेड मागितला नाही का रे?"

"अरे, पाहुणा आहे, पुढल्या वेळेला चमचा ठेव बाहेर!"

"हसा," स्ताथिस म्हणाला. "हसा लेको. आता काय ठेवतो ते बघाच." आणि त्सिपुरो दारूचा पेला पालथा करून तो उठला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कानूता हाक मारल्यावर आली नाही. अलेक्सोला ती ओढ्याच्या काठी सापडली. पाय ताठ, तोंडाला फेस, जीभ दातांत चावलेली. जवळच कोल्हा पडला होता, तोही तसाच. विषाचं मांस डोंगरात कुणी टाकलं की काय दिसतं, ते अलेक्सोला माहीत होतं. तिनं कुत्रीला पायांना धरून ओढत नेलं, खड्डा केला, वर दगड रचले. कोल्ह्याला मात्र तसाच ठेवला. तेवढं खणण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. आणि तीच चूक झाली.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ती मेंढ्या सोडायला गेली तर मेंढ्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून उभ्या. मेंढ्यांच्या वाडग्याच्या मधोमध गिधाड बसलं होतं. बसलं होतं म्हणजे कोसळलं होतं. पंख दोन्हीकडे पसरून जमिनीला लागलेले, मान खाली, चोचीतून लाळ, आणि सगळं अंग थरथरत होतं. एवढं मोठं पाखरू, एखाद्या म्हातारीनं अंगावर शाल पांघरून उकिडवं बसावं तसं. ओढ्यापलीकडे आणखी दोन पडली होती. ती मेली होती.

अलेक्सो उभी राहिली. ते तिच्याकडे बघत होतं की नव्हतं, कळेना. मग तिनं मेंढ्या कडेकडेनं बाहेर काढल्या, आत जाऊन झिसिसचं जाड लोकरीचं घोंगडं आणलं आणि त्याच्यावर टाकलं. एवढं करून ती धारा काढायला बसली.

ब्रेड घेऊन क्लेओनिकी आली, तिनं घोंगड्याखालून डोकावणारं ते उघडं डोकं पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

"अगं, हे काय? हे... अलेक्सो, *हे?*"

"विष खाल्लंय त्यानं."

"मग मरू दे ना! तुला कळतंय का हे कोण आहे? झिसिसला..." ती थांबली.

"थरथरत होतं," अलेक्सो म्हणाली. "घोंगडं पडूनच होतं."

क्लेओनिकीनं कपाळाला हात लावला. पण बाई मनाची मऊ. यान्निनात जखमी पाखरं घेणारी माणसं आहेत हे तिला ठाऊक होतं, तिनं फोन लावला. येतो म्हणाले, काही खायला घालू नका, अंधारात ठेवा.

ती माणसं यायच्या आधी स्ताथिस आला. दोन मेलेली गिधाडं त्यानं वाटेत पाहिली असावीत. हातात फावडं होतं.

"सरक वहिनी."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? याचं मुंडकं उडवतो. दादाचं घोंगडं याच्या अंगावर घातलंस? लाज नाही वाटत? दादाचं?"

"भावजी, विष तुम्ही टाकलंत का?"

तिनं हे असं विचारलं, जसं मीठ संपलं का विचारावं. स्ताथिसचं फावडं अर्धवट वर राहिलं.

"लांडग्यासाठी टाकलं होतं," तो म्हणाला. "अस्वलासाठी. मला काय ठाऊक तुझी कुत्री..."

"कानूता मेली."

"कळलं मला."

"मेंढ्यांपाशी आता कुणी नाही."

"दुसरी आणून देतो ना! पिल्लू आणतो, चांगल्या जातीचं. पण तू आधी बाजूला हो."

अलेक्सो बाजूला झाली नाही. तिनं अडवलंही नाही, हात पसरले नाहीत, ओरडली नाही. घोंगड्याच्या पुढ्यात ती उभी होती ती तशीच उभी राहिली, दुधाची बादली हातात धरून. स्ताथिस तिला ढकलू शकला असता. त्यानं फावडं भिंतीवर भिरकावलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि उतारानं निघून गेला.

दुपारी गाडी आली. दानाई नावाची पोरसवदा डॉक्टरीण आणि तिच्याबरोबर वनखात्याचा एक पोक्त माणूस. दानाईनं गिधाडाला टॉवेलात गुंडाळलं, मांडीत दाबून धरलं, सुई टोचली. "जगेल कदाचित," ती म्हणाली, "वेळेत उबेला ठेवलंत मावशी." वनखात्याचा माणूस कोल्हा, मेलेली पाखरं, सगळं पिशव्यांत भरून घाम पुसत आला.

"विष कुणी टाकलं, काही अंदाज?"

असा प्रश्न आमच्या डोंगरात कितीदा तरी विचारला गेला आहे, आणि त्याचं उत्तर ठरलेलं आहे. खांदे उडवायचे, 'देव जाणे' म्हणायचं आणि पाहुण्याला कॉफी द्यायची. क्लेओनिकी तर कॉफीचं भांडं आधीच शोधायला लागली होती.

"माझ्या दिरानं," अलेक्सो म्हणाली. "स्ताथिस. खालचं कुरण त्याचंच."

क्लेओनिकीच्या हातून झाकण पडलं.

लोक पुढे म्हणाले, तिनं कुत्रीचा सूड घेतला. कुणी म्हणालं, न्यायाची चाड होती. तसलं काही नव्हतं. खोटं बोलायचं तर ते आधी रचावं लागतं, मग जपावं लागतं. तेवढी ताकद तिच्यापाशी नव्हती. वनखात्याच्या माणसानं विचारलं, तिनं सांगितलं.

स्ताथिसवर खटला झाला, दंड झाला, शिकारीची बंदूक जप्त झाली. अलेक्सो गावात उतरली की दुकानातली माणसं पत्त्यांत डोकं खुपसत. क्लेओनिकीनं तिला आतल्या खोलीत बसवलं.

"सांगायचं नव्हतंस गं. घरचा माणूस तो."

"त्या वनखात्याच्या माणसानं विचारलं."

"विचारलं म्हणून सांगायचं?"

"मग काय सांगायचं होतं?"

क्लेओनिकीनं कॉफी पुढ्यात ठेवली. "पी. गोड केलीय."

जुलैत दानाईचा फोन आला. पाखरू बरं झालं होतं, कड्यावरून सोडायचं होतं, मावशींनी यायलाच हवं. अलेक्सो गेली. पेटीचं दार उघडलं. गिधाड बाहेर आलं, दोन बेढब उड्या मारून एका खडकावर बसलं आणि तिथंच बसून राहिलं. ऊन चढलं. बघायला आलेली माणसं कंटाळून सावलीला गेली. मग कुणाला काही कळायच्या आत ते पुढे झुकलं, कड्यावरून खाली पडल्यासारखं गेलं आणि दरीतल्या वाऱ्यानं त्याला उचललं. बराच वेळ त्याची पाठ दिसत होती. दानाईचे डोळे भरून आले होते. अलेक्सोनं तिला आपला रुमाल दिला.

"तुम्हाला काय वाटलं, मावशी?"

अलेक्सोनं विचार केला. "मोठं आहे," ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर अलेक्सो आणि स्ताथिस दोघंही होते, मध्ये एक ओढा. स्ताथिस बोलत नव्हता. मेंढ्या ओढ्याशी आल्या की तो शीळ घालून त्यांना परत फिरवायचा आणि तोंड दुसरीकडे करायचा. पिल्लू मात्र त्यानं आणून दिलं. सकाळी अलेक्सो उठली तर ते दाराशी दोरीला बांधलेलं, केकाटत होतं. आणणारा कधीच निघून गेला होता.

ऑगस्टच्या अखेरीस एका दुपारी आभाळ फाटलं. सुपारीएवढ्या गारा पडायला लागल्या, शिखरावर विजा कोसळत होत्या. स्ताथिसच्या झोपडीचं पत्र्याचं छप्पर उडालं. नाइलाजानं तो ओढा ओलांडून आला आणि दारात ठिबकत उभा राहिला. अलेक्सोनं सरकून चुलीपाशी जागा केली. छपरावर गारांचा ताशा वाजत होता.

"वहिनी," तो म्हणाला, चुलीकडे बघत. "खिळे मी ठोकले."

"माहीत आहे."

"कुणी उघडू नये म्हणून जास्तीचे ठोकले."

अलेक्सोनं लाकूड आत सरकवलं. मग तिनं विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"काय बघितलंत?"

स्ताथिसनं ओले हात मांड्यांवर घासले. "चेहरा नव्हता. हात... नको विचारूस. बुटांवरून ओळखला मी. बूट होते चांगले. तेव्हापासून ती पाखरं दिसली की माझं डोकं फिरतं. माझ्या दादाला..."

"तो पडून राहिला होता का?" अलेक्सो म्हणाली. "म्हणजे, जिवंत. वाट बघत."

"काय?"

"धुकं होतं. तुम्ही हाका मारत होतात. त्याला ऐकू येत होत्या का?"

स्ताथिस तिच्याकडे बघतच राहिला. "नाही गं. नाही. मान मोडली होती. पडला तिथंच गेला, डॉक्टरनं सांगितलं. त्याला कळलंसुद्धा नसेल. पाखरं नंतर आली, खूप नंतर. तुला... तुला हे कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"मला वाटलं फोतिनीनं सांगितलं असेल. तिला वाटलं असेल, काकानं सांगितलं असेल." आणि मग तो, एवढा आडदांड गडी, तोंडावर दोन्ही हात घेऊन रडायला लागला, नाक ओढत, खांदे हलवत, लहान पोरासारखा. अलेक्सो त्याच्याकडे बघत होती. तिला वाटलं, आता आपल्यालाही येईल. नाही आलं. तिनं वाटीत गरम दूध ओतलं आणि त्याच्या पायापाशी ठेवलं.

"लगेच गेला?" तिनं पुन्हा विचारलं.

"लगेच."

"बरं."

गारा थांबल्या. बाहेर कुरण पांढरं झालं होतं आणि त्या पांढऱ्यात स्ताथिसच्या मेंढ्या सैरावैरा होऊन तिच्या वाडग्यात घुसल्या होत्या, तिचं राखून ठेवलेलं मीठ चाटत होत्या. अलेक्सो दारात गेली आणि एकदम ओरडली, "अहो भावजी, रडताय काय! तुमची ती फाटक्या कानाची सटवी माझं मीठ संपवतेय सगळं, आधी तिला हाकला!"

स्ताथिस दचकून उठला, दूध सांडलं, आणि बाहीनं नाक पुसत मुकाट्यानं धावला.

ऑक्टोबरात दोघांनी कळप एकत्रच खाली आणले. एकत्र म्हणजे भांडत. शेळ्या विकून टाकायच्या असं स्ताथिसचं म्हणणं. कड्यावर जाऊन बसतात, पुन्हा कुणाचा तरी जीव घेतील. अलेक्सो म्हणायची, शेळीच्या दुधाशिवाय माझं चीज होत नाही. ती रडली नव्हती, मयताच्या घरी बोलावणं आलं तर जात नव्हती, फोतिनीच्या फोनवर अजून 'बरं' म्हणत होती. फक्त शेळ्यांबद्दल तिनं 'बरं' म्हटलं नाही.

नदीवरच्या कमानीच्या दगडी पुलापाशी मेंढ्या अडल्या. पूल चढणीचा, मधोमध निसरडा, कडेला कठडा नाही. स्ताथिस मागून काठी आपटत होता, त्यांच्या आयांचा उद्धार करत होता. पिल्लू आता चांगलं दांडगं झालं होतं. ते मेंढ्यांच्या पायांत शिरून आणखी घोळ घालत होतं. अलेक्सो कळपातून वाट काढत पुढे आली. पुढच्या एडक्याचं शिंग धरलं, दोन शब्द बोलली आणि पुलावर चढली. तो तिच्यामागून चालायला लागला, आणि मग एकेक करून बाकीच्या.